कमी डायमध्ये सीटी अँजिओ : कन्सोलवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

आमच्याकडे कन्सोलवर, म्हणजे सीटी मशीन चालवायच्या संगणकावर, नवा मुलगा किंवा मुलगी आली की पहिल्याच आठवड्यात मी एक गणित घालते. सीटी अँजिओ, म्हणजे धमन्यांचा सीटी स्कॅन, करायचाय. धमन्या उजळ दिसाव्यात म्हणून शिरेतून द्यायचा आयोडीनचा डाय ८० मिली आहे, इंजेक्टरचा वेग सेकंदाला ५ मिली. डाय किती वेळ जाईल? १६ सेकंद, उत्तर लगेच येतं. मग म्हणते, पेशंटची किडनी कच्ची आहे, डॉक्टरांनी ४८ मिलीत भागवायला सांगितलंय. आता काय कराल? यावरही उत्तर ठरलेलंच असतं : "८० च्या जागी ४८ टाकू, बाकी तसंच ठेवू."

इथेच स्कॅन वाया जातो. वेग ५ च राहिला तर ४८ मिली साडेनऊ सेकंदांत संपतात. धमनीतून जाणारा डायचा लोंढा आखूड होतो आणि टेबल खालच्या भागावर पोचेपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो. उसाला पाणी पाजताना मोटार मध्येच बंद केली तर सरीच्या शेंड्याचा ऊस कोरडा राहतो, तसंच हे. म्हणून वेळ १६ सेकंदच ठेवायची, वेग ५ वरून ३ वर आणायचा, म्हणजे बरोबर ४८ मिली होतात. धार बारीक झाल्याने जी चमक कमी होणार, ती केव्ही (एक्स-रे ट्यूबचे किलोव्होल्ट) उतरवून भरून काढायची. १२० चे केव्ही ८० केले की तेवढंच आयोडीन साधारण १.६ ते १.७ पट जास्त उजळ दिसतं. १०० केले तर सव्वापट. आयोडीन ३३.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा वरची किरणं सर्वांत जास्त अडवतं आणि केव्ही उतरवले की आपला किरणांचा झोत त्या आकड्याच्या जवळ सरकतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. डाय ६० टक्के आणि चमक जवळपास तीच.

हे गणित डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या पायऱ्या सोप्या जातात. एक आधीच सांगून ठेवते : प्रोटोकॉल बदलायचा तो रेडिऑलॉजिस्टला विचारूनच. आपण सुचवायचं, सही त्यांची.

पेशंट टेबलावर येण्याआधी

बेळगावात सीटीला येणारा पेशंट शहराचाच असेल असं नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यातला, निपाणी-चिक्कोडीकडचा, पलीकडून चंदगडचा, कुणीही असतो. बरोबर एक कॅरीबॅग असते आणि तिच्यात तीन वर्षांचे कागद असतात, काही मराठीत, काही कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत. ती कॅरीबॅग नातेवाइकांकडून मागून घ्या आणि स्वतः उपसा. आपल्याला त्यातून दोन गोष्टी हव्यात : क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, आणि त्याची तारीख.

नुसता क्रिएटिनिन वाचून "१.४ म्हणजे थोडासाच वाढलाय" असं म्हणू नका. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने १.४ क्रिएटिनिन असलेल्या ६२ वर्षांच्या बाईंचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, ४२ च्या आसपास येतो. तोच १.४ तिशीतल्या तरुणाचा असेल तर ६९. आकडा एकच असला तरी किडन्या दोन वेगळ्या. मोबाइलवर कॅल्क्युलेटर ठेवा आणि प्रत्येकाचा ईजीएफआर काढून फॉर्मवर लिहा.

शिरेतून दिलेल्या डायसाठी आता खरी धास्ती धरतात ती ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर, किंवा किडनीला नुकताच झटका बसलेला असेल तर. ३० ते ४४ मध्ये बाकीचे धोके बघून डॉक्टर ठरवतात. नुकताच झटका बसलेल्यात सूत्रावर भरवसा ठेवू नका. परवाचा क्रिएटिनिन ०.९ आणि आजचा १.५ असेल तर ईजीएफआरचा आकडा कितीही बरा दिसो, आधी फोन उचला. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये मेटफॉर्मिन असेल आणि ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर स्कॅनपासून ४८ तास ती बंद ठेवतात आणि किडनी तपासूनच पुन्हा चालू करतात. गोळीच्या पाकिटावर कंपनीचं नाव मोठं असतं, औषधाचं बारीक. ते बारीक वाचा.

आता उपाशी राहण्याचं. या एका गोष्टीवर माझा नेहमी वाद होतो. कणकुंबीहून निघालेल्या माणसाला आदल्या दिवशी कुणीतरी फोनवर सांगतं, "काही खायचं-प्यायचं नाही." तो पहाटे निघतो, दहाला पोचतो, आणि नंबर लागतो दुपारी एकला. रात्रीच्या जेवणानंतर पाण्याचा थेंब नाही. ओठ सुकलेले, शीर सापडत नाही, आणि अशा कोरड्या पडलेल्या किडनीतून आपण डाय पाठवणार. नेहमीच्या कॉन्ट्रास्ट सीटीसाठी कडक उपास लागतच नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीची मार्गदर्शिकाही तेच सांगते. तुमच्या विभागात जड जेवण टाळायचा नियम असेल तर पाळा, पण पाणी पिऊ द्या. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेले हृदयाचे आणि किडनीचे पेशंट तेवढे वगळा.

आणि एक प्रश्न, जो विचारायला नवी मुलं लाजतात : सीटी लागणारच आहे का? मानेच्या किंवा पायाच्या धमन्यांसाठी डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, झालाय का? डॉप्लरला डाय लागत नाही. हृदयासाठी फक्त कॅल्शियम स्कोअर हवा असेल तर तोही बिनडायचाच असतो. फॉर्मवर "सीटी अँजिओ" लिहून आलंय म्हणून गप्प बसू नका. रेडिऑलॉजिस्टला एकदा विचारलं तर त्यांना रागही येत नाही.

सुई आणि सलाईन

शक्य तिथे उजवा हात आणि कोपराजवळची शीर. डाव्या हातातून दिलेला डाय छातीत आडवा जाऊन महाधमनीच्या कमानीसमोरून जातो आणि तिथल्या दाट डायच्या रेघा नेमक्या मानेकडे जाणाऱ्या धमन्यांवर उमटतात. नेहमीच्या ५ मिली वेगाला हिरवी, म्हणजे १८ नंबरची इंट्राकॅथ बरी. कमी डायचा एक फायदा लोक विसरतात : वेग ३ वर आला की गुलाबी २० नंबर आरामात चालते, आणि अगदीच शीर नसेल तर निळ्या २२ नंबरवरही बरेचदा भागतं. म्हाताऱ्या मधुमेही पेशंटच्या हाताला चार ठिकाणी टोचण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

डायच्या मागून ४० मिली सलाईन, त्याच वेगाने. ते नसेल तर नळीत आणि हाताच्या शिरेत १५-२० मिली डाय तसाच पडून राहतो. धमनीपर्यंत वेळेत पोचत नाही, पण किडनीला मात्र तो गाळावाच लागतो. ८० मध्ये ही गळती खपून जाते, ४८ मध्ये नाही. ज्या जुन्या इंजेक्टरला एकच सिरिंज आहे, सलाईनला दुसरी नाही, तिथे मी डाय कमी करायच्या भानगडीत फार पडत नाही, हे स्पष्ट सांगते.

डाय शरीराच्या तापमानाला गरम करून घ्या. ३७० चा (मिलीला ३७० मिलिग्रॅम आयोडीनचा) डाय डिसेंबरच्या सकाळी काकवीसारखा घट्ट होतो आणि इंजेक्टरचा दाब उगाच वर चढतो.

बाटलीचंही सांगते. नातेवाईक चिठ्ठी घेऊन मेडिकलमधून १०० मिलीची बाटली आणतात. बाटली आणलीय म्हणजे ती रिकामी करायलाच हवी असं मुळीच नाही. ४८ मिली लागणार असेल तर चिठ्ठीवर ५० चीच लिहायला सांगा, त्यांचे पैसेही वाचतात.

मशीन बघून रीत निवडा

कमी डायच्या रीती बऱ्याच आहेत, पण तुमच्या खोलीत कुठलं मशीन आहे त्यावर अर्धा निर्णय होऊन जातो.

साधी रीत म्हणजे वर सांगितली तीच, कमी केव्हीची. १६ स्लाइसपासून (एका फेरीत १६ काप घेणाऱ्या मशीनपासून) पुढच्या बहुतेक मशीनवर जमते. बारीक अंगाच्या पेशंटला ८०, मध्यमला १००. किलोच्या भाषेत सांगायचं तर साधारण ६०-६५ पर्यंत ८० आणि ८५-९० पर्यंत १००, पण वजनकाट्यापेक्षा स्काउटवर (स्कॅनआधी घेतलेल्या सपाट चित्रावर) पोट किती रुंद दिसतं ते बघा. केव्ही उतरले की मशीन एमए (ट्यूबचा करंट) आपोआप वाढवतं. ट्यूब मर्यादेला टेकली की पुढे चित्रात नुसते दाणे. मानेच्या अँजिओत खांदे आडवे येतात म्हणून तिथे मी ८० वर जात नाही. पायात उलट. पाय बारीक असल्याने वजनदार माणसालाही गुडघ्याखाली ८० झकास लागू पडतं, अडचण होते ती कमरेत. दाणे कमी करायला मशीनमध्ये आयटरेटिव्ह किंवा डीप लर्निंगचं रिकन्स्ट्रक्शन (संगणकाने दाणे कमी करत चित्र घडवायची पद्धत) असेल तर लावा. ते नसेल तर ८० चा मोह आवरून १०० वर थांबा.

दुसरी रीत ड्युअल एनर्जी. एकाच वेळी दोन ऊर्जांचा माल गोळा करायचा आणि नंतर संगणकावर हव्या त्या केईव्हीचं (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे एकाच ठरावीक ऊर्जेचं) चित्र काढायचं. ७० केईव्हीचं चित्र साधारण आपल्या १२० केव्हीसारखं दिसतं; ५० ला आयोडीन त्याच्या दुप्पट उजळतं, ४० ला जवळजवळ तिप्पट. म्हणजे डाय निम्मा केला तरी हातात काहीतरी उरतं. आणि जाड पेशंटला ८० केव्ही परवडत नाही तिथे हीच रीत मदतीला येते. कुणाकडे दोन ट्यूबचं मशीन असतं, कुणाकडे एकच ट्यूब झटक्यात केव्ही बदलत राहते, कुणाकडे दोन थरांचा डिटेक्टर. नव्या माणसाला यातला एकच फरक आज कामाचा : पहिल्या दोघांत ड्युअल एनर्जी करायची आहे हे स्कॅनच्या आधी ठरवावं लागतं, दोन थरांच्या डिटेक्टरमध्ये तो माल प्रत्येक स्कॅनला जमा होतच असतो. त्यामुळे वेळ चुकली, डाय फिका आला, तरी नंतर ४० केईव्हीवर नेऊन स्कॅन वाचवता येतो. दोन ट्यूबच्या मशीनमध्ये दुसऱ्या ट्यूबचा घेर लहान असतो, म्हणून रुंद पेशंटला अगदी मधोमध झोपवा.

तिसरी रीत वेगाची. दोन ट्यूबचं मशीन पिच (एका फेरीत टेबल किती पुढे सरकतं त्याचं प्रमाण) ३ च्या वर नेऊन छाती-पोटाची महाधमनी एक-दोन सेकंदांत उरकतं. डिटेक्टरच्या ३२० ओळींचं मशीन १६ सेंटिमीटरचा पट्टा टेबल न हलवता घेतं, म्हणजे अख्खं हृदय एका ठोक्यात. स्कॅनच इतका झटपट म्हटल्यावर डायचा लोंढाही आखूड चालतो आणि इथे मात्र मिली थेट कमी करता येतात. गंमत अशी की सुरुवातीला मी नव्यांना जे करू नका म्हणते, तेच इथे बरोबर ठरतं. पण वेळ एक-दोन सेकंदांनी चुकली तर सावरायला जागाच नाही. हृदयाच्या हाय-पिच स्कॅनला ठोके नियमित आणि ६५ च्या खाली लागतात. धडधडत्या, अनियमित हृदयावर तो करू नका.

फोटॉन काउंटिंग ही चौथी. त्यातलं पहिलं मशीन, सीमेन्सचं नेओटॉम अल्फा, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालं. प्रत्येक फोटॉन, म्हणजे किरणांचा कण, त्याच्या ऊर्जेसकट मोजला जातो, इलेक्ट्रॉनिक दाणे जवळपास नाहीत. वाचून ठेवा, कधीतरी पुढ्यात येईल.

यात मला कुठली आवडते? रोजच्या कामाला १०० केव्ही आणि सलाईन. ईजीएफआर ३० च्या आसपास असेल आणि इमारतीत ड्युअल एनर्जी असेल तर पेशंटला त्या मशीनसाठी थांबवा. २०२२ मध्ये शांघायच्या लॉकडाउनमुळे ओम्नीपेक हा डाय जगभर टंचाईला आला, तेव्हा कित्येक विभागांनी डाय कमी करायला नाइलाजाने सुरुवात केली आणि स्कॅन तरीही नीट निघतात हे बघितलं.

वेळ पकडणं

बोलस ट्रॅकिंग म्हणजे डाय धमनीत पोचला की नाही हे मशीन बघत राहतं आणि स्कॅन सोडतं; त्याला जादा डाय लागत नाही. महाधमनीत मोजायचा गोल ठेवायचा, त्यातला उजळपणाचा आकडा (एचयू) १०० किंवा १५० वर गेला की स्कॅन सुटतो. टेस्ट बोलसला, म्हणजे आधी थोडा डाय देऊन वेळ मोजायला, वेगळे १०-२० मिली जातात, म्हणून कमी डायच्या पेशंटला मी ट्रॅकिंगच करते. अपवाद दोन : हाय-पिच स्कॅन आणि फार कमजोर हृदय. तिथे १० मिली खर्चून वेळ आधी कळलेली बरी.

ट्रॅकिंगमध्ये एक खड्डा आहे. काही मशीनवर ट्रॅकिंगचे केव्ही आणि स्कॅनचे केव्ही वेगळे भरावे लागतात. स्कॅन ८० वर आणला, वेग ३ केला, आणि ट्रॅकिंग १२० वरच राहिलं, तर फिक्या डायला १५० चा आकडा गाठायला उशीर होतो, कधी गाठतच नाही. आलेख वर चढून सपाट होतो आणि आपण बघत बसतो. दोन्हीकडचे केव्ही सारखे करा, नाहीतर थ्रेशोल्ड (स्कॅन सुटायचा आकडा) खाली आणा. काहीही असो, हात स्टार्टच्या बटणावर हवा.

कमजोर हृदयाबद्दल एक उलटी वाटणारी गोष्ट : त्यात डाय उशिरा येतो, पण आला की जास्त उजळ येतो, कारण रक्तात मिसळून पातळ व्हायला त्याला तेवढं रक्तच भेटत नाही. म्हणजे अशा पेशंटला कमी डाय चालतो, धीर जास्त लागतो. तरुण, घाबरलेला, ठोके ११० असलेला पेशंट अवघड.

पायाच्या धमन्या : माझी चूक

निपाणीचा पट्टा तंबाखूचा. विडी ओढून पायाच्या धमन्या बसलेले पेशंट आम्हाला नवे नाहीत, त्यात मधुमेहाची भर. असेच एक काका, अंगठा काळा पडलेला, क्रिएटिनिन १.८. मी ठरवून डाय कमी केला, केव्ही ८०, सगळं पुस्तकाप्रमाणे. चुकलं एकच, टेबलाचा वेग मी रोजचाच ठेवला. मांडीपर्यंत धमन्या सुंदर आल्या. गुडघ्याखाली काहीच नाही. धमन्या बंद होत्या म्हणून नाही; टेबल डायच्या पुढे धावलं होतं. सर्जनला नेमकी गुडघ्याखालचीच माहिती हवी होती, म्हणून पुन्हा डाय द्यावा लागला. दोन्ही मिळून काकांना नेहमीच्या डोसपेक्षा जास्त गेला. काका उठून मलाच म्हणाले, "झालं न्हवं बाई नीट आता?" पुढचे तीन दिवस मी त्यांचा क्रिएटिनिन विचारत होते. वाढला नाही, हे नशीब.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. महाधमनीतून गुडघ्यापर्यंत डाय जायला कुणाला ५ सेकंद लागतात, कुणाला २० च्या वर. म्हणून पायाचा स्कॅन सावकाश, सुमारे ४० सेकंदांत पुरा होईल असा पिच आणि रोटेशन (ट्यूबच्या फेरीचा वेळ) लावायचं. इंजेक्शन लांब आणि बारीक धारेचं. आणि गुडघ्याखाली एक जादा फेरी आधीच प्रोटोकॉलमध्ये लावून ठेवायची. पहिली फेरी बघायची, धमन्या भरल्या असतील तर ती रद्द करायची, नसतील तर लगेच घ्यायची. डाय नवा लागत नाही, तोच मागून येत असतो.

श्वास

छाती-पोटाच्या स्कॅनला पेशंटने दम सोडला की चित्र हलतं आणि डाय फुकट. मशीनमधला रेकॉर्ड केलेला परका आवाज आमच्या आज्जींना समजत नाही. मराठीत "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" आणि कन्नडमध्ये "उसिरु तगोरी, हिडीरी, बिडरी" असं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. स्कॅनआधी टेबलापाशी दोनदा सराव करून घ्या. डाय जाताना अंग गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं, हेही आधीच सांगा : "गरम वाटेल आज्जी, घाबरू नका," कन्नड पेशंटला "बिसि आगतद री, अंजब्याडरी." न सांगितल्यामुळे "अंग तापूलालंय गं" म्हणत उठून बसलेल्या आज्जी मी पाहिल्या आहेत, ऐन ट्रॅकिंगच्या मध्यात.

पहिले काही सेकंद सुईपाशी उभं राहून शीर फुगत नाही ना बघा, मग बाहेर या.

चित्र बघताना

धमनीत गोल ठेवून आकडा बघा. २५० ते ३०० एचयूच्या वर असेल तर वाचण्याजोगं आहे. ८० केव्ही किंवा ४० केईव्हीचं चित्र नेहमीच्या विंडोत (पडद्यावर दाखवायच्या उजळपणाच्या पट्ट्यात) उघडलं तर सगळं पांढरंफट्ट दिसतं आणि धमनीतला डाय कुठला, भिंतीवरचं कॅल्शियम कुठलं, ते कळत नाही. विंडो रुंद करा, हजारापर्यंत न्या, मधला आकडाही वर उचला. मधुमेही पायात कॅल्शियम भरपूर असतं आणि कमी ऊर्जेला ते फुगलेलं दिसतं, म्हणून अरुंदपणा आहे त्यापेक्षा मोठा वाटू शकतो. ड्युअल एनर्जी असेल तर रेडिऑलॉजिस्टला ४० बरोबर ७० चाही संच पाठवा.

नंतर अर्धा तास पेशंट नजरेसमोर ठेवायचा, सुई तेवढा वेळ तशीच राहू द्यायची. किडनी कच्ची असेल तर ४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा करायला लिहून द्या, आणि तो गावाकडच्या लॅबमध्ये केला तरी चालतो हेही सांगा, नाहीतर तेवढ्यासाठी परत बेळगावला यायचं म्हणून लोक तो करतच नाहीत. रजिस्टरमध्ये किती मिली, कोणती तीव्रता, वेग, केव्ही, वजन आणि धमनीतला एचयू लिहा. माझ्याकडे शेवटी आणखी एक रकाना आहे, "पुन्हा द्यावा लागला का". निपाणीच्या काकांच्या ओळीत तिथे लाल पेनने "हो" लिहिलेलं आहे.